टी४८० सांगून टी४७० गळ्यात मारला: माझे २४,५०० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

जुना थिंकपॅड (लेनोवोचा लॅपटॉप) घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. ५,००० रुपये आगाऊ, १९,५०० दुकानात बसून, दोन्ही यूपीआयने. वर रॅमचे २,१५० वेगळेच. एवढे मोजून घरी आणलेला टी४८० हा टी४७०, म्हणजे त्याच्या आधीचं मॉडेल, निघाला. त्याचे आज मला कोणी १२,००० द्यायलाही तयार नाही.

मी यातला अगदीच अडाणी नाही. ऑफिसातल्या कितीतरी जणांच्या रखडणाऱ्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क काढून एसएसडी मीच बसवून दिली आहे. म्हणून तर बहिणीने पैसे माझ्याकडे दिले, "दादा, तूच बघून आण" म्हणून. भाचीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. आता फोनवर बोलताना बहीण लॅपटॉपचा विषयच काढत नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

टी४८०च का, हे जाणकारांना सांगायला नको. टी४८०मध्ये इंटेलचा ८व्या जनरेशनचा (पिढीचा) प्रोसेसर मिळतो, टी४७०मध्ये ७व्यापर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते ८व्या जनरेशनपासून, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे कंपन्यांनी काढून टाकलेले ७व्या जनरेशनचे लॅपटॉप मातीमोल झाले, ८व्याचे भाव मात्र टिकून आहेत. टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. तोच सांगाडा, तोच कीबोर्ड, आतली-बाहेरची अशा दोन बॅटऱ्या दोघांनाही. स्क्रीनच्या कडेला मॉडेलचं नाव असतं वरवर बघणाऱ्याला दिसणारा फरक तेवढाच, आणि ती पट्टी बदलायला कितीसा वेळ लागतो? विंडोज ११सुद्धा अट चुकवून ७व्या जनरेशनवर टाकता येतं. माझ्यात तेच टाकलं होतं.

दुकानात सिस्टीमची माहिती उघडली. कोअर आय५-८३५०यू, स्वच्छ लिहिलेलं. मग टास्क मॅनेजर उघडला. तिथेही नाव तेच, पण खाली कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) २, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजेच थ्रेड) ४. ८३५०यूला ४ कोअर, ८ थ्रेड असतात. हे मला तोंडपाठ आहे! मी विचारलंही. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, बॅटरीवर आहे ना, निम्मे कोअर पार्क होतात. चार्जर लावला की दिसतील." आणि चार्जर? तो आतल्या खोलीत, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशिनला लावलेला.

कोअर पार्किंग हा प्रकार खरा आहे, म्हणूनच मला ते पटलं. पण पार्क झालेला कोअर टास्क मॅनेजरच्या मोजणीतून गायब होत नाही, तो नुसता आराम करतो. एखाद्या नवख्या माणसाने "मग चार्जर आणा" म्हणून हट्ट धरला असता. मी मान डोलावली. तो 'कोअर २'चा आकडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मागचं मॉडेल-सिरीयलचं स्टिकर खरवडलेलं होतं, त्यावर "कंपनीचा असेट टॅग काढताना गेलं" हे उत्तर. तेही मला पटलं, कारण असेट टॅग, म्हणजे मालमत्ता मोजायला कंपनी चिकटवते ती चिठ्ठी, खरंच असतात. त्याची प्रत्येक थाप अर्धी खरी होती.

विंडोजमधलं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदलता येतं. रीस्टार्टला ते मूळपदावर येतं, म्हणून दर वेळी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवून देतात. त्यामुळे विंडोज काय म्हणतं ते सोडा. मशिन सुरू होताना एफ१ दाबा आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मशिनचं मूळ सॉफ्टवेअर) बघा. बायोसला पासवर्ड असेल तर हातही लावू नका. थिंकपॅडचा हा बायोसवरचा सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरचा सेल काढून जात नाही, कंपनीच्या लेखी त्यावर उपाय एकच: मदरबोर्ड बदला.

त्याचं बिंग फुटलं ते मी रॅम वाढवायला गेलो तेव्हा. आमच्या इथल्या रिपेअरवाल्या पोराने एफ१ दाबला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मशिन टाइप (मॉडेलचा कोड) २०एचई, प्रोसेसर आय५-७३००यू. टी४८०चा टाइप २०एल५ किंवा २०एल६ने सुरू होतो. "काका, किती दिले?" मी आकडा कमी करून सांगितला.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पहिला प्रश्न, ओटीपी कोणाला दिला का? नाही, पिन मीच टाकला. मग व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. बँकेचंही तेच पालुपद. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "लॅपटॉप मिळाला ना? चालू होतो ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) पुढे केलं, तर बिल मागितलं. बिलावर काय, तर "जुना लॅपटॉप, १ नग". यात टी४८० कुठे लिहिलंय? जाहिरातीत होतं, साहेब. दाखवा जाहिरात. ती त्याने कधीच उडवली होती. शेवटी, दुकान आमच्या हद्दीत नाही. अहो, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झिरो एफआयआर कशासाठी आहे मग? त्यावर "वकील आहात का?" असा प्रतिप्रश्न. चोर दुकानात बसून धंदा करतो आणि ठाण्यात उलटतपासणी माझी!

तर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आगाऊ रक्कम देण्याआधी घ्या. चॅट पुसू नका. ठाण्यात तोंडी बोलून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. मी पाठवलाय. ग्राहक आयोगाची तक्रार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. तीही केली आहे, बघू.

बॅटरीचा रिपोर्ट काढा, सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर घेऊन जा, चार्जर लावल्याशिवाय काही तपासू नका. बिलावर मॉडेल, मशिन टाइप, सिरीयल नंबर आणि प्रोसेसर, चारही लिहून घ्या. "सर, आम्ही एवढं लिहीत नाही" असं म्हणाला की उठा, आगाऊ दिलेल्यावर पाणी सोडावं लागलं तरी. माझे ५,०००च गेले असते.