एअर फ्रायर, ओव्हन, आप्पेपात्र की सरळ कढई? परदेशातल्या मराठी खाण्यासाठी

परदेशात बिऱ्हाड मांडलं की पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न उभा राहतो. बाहेर चार वाजताच अंधारलेलं असतं, वड्याची तल्लफ आलेली असते आणि तळण काढायचं म्हणजे छतावरच्या स्मोक अलार्मची धास्ती. शिवाय दारामागे टांगलेल्या जाड जॅकेटांना तेलाचा वास बसतो, तो आठवडाभर ऑफिसात आपल्यासोबत फिरतो. 'तळलेलं जरा कमी करा' हेही डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं. मग चौकशी सुरू होते: एअर फ्रायर घ्यावा, घरातल्या ओव्हनवर भागवावं, की येणाऱ्या कुणाकडून आप्पेपात्र मागवावं?

माझं मत आधीच सांगून टाकते. यंत्र कोणतं घ्यायचं ते नंतर ठरवा, आधी तुमच्या घरात काय काय खाल्लं जातं ते बघा. पातळ पिठात बुडवून तळायचा पदार्थ आणि आधी वाफवून किंवा लाटून तयार झालेला पदार्थ, या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्या जातीला गरम हवा मानवत नाही, दुसरीला छान मानवते.

कोथिंबीर वडी आणि अळूवडी दुसऱ्या जातीतल्या. उंडा वाफवला की पीठ शिजलेलंच असतं, पुढचं काम फक्त वरून कुरकुरीत करण्याचं. इथे एअर फ्रायर आणि ओव्हन दोन्ही चालतात. उंडा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे वड्या न मोडता पातळ कापता येतात. दोन्ही बाजूंना तेलाचा ब्रश फिरवा आणि 190 अंश सेल्सिअसवर बारा-पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. ओव्हनमध्ये थोडा जास्त वेळ लागतो. तळलेल्या वडीशी शेजारी ठेवून तुलना केली तर फरक कळतो, नाही असं नाही, पण ताटात एकटी आली तर कुणी तक्रार करत नाही.

आता बटाटेवडा. एअर फ्रायरच्या जाहिरातींना भुलून लोक पहिल्यांदा हाच करायला घेतात आणि तिथेच मन खट्टू होतं. कढईत वडा सोडल्याबरोबर कडकडीत तेल बेसनाला चारी बाजूंनी एका क्षणात धरतं. गरम हवेला तेवढी ताकद नसते. पीठ जागेवर बसायच्या आत जाळीतून खाली ओघळतं, आणि वर जे उरतं ते कोरडं, भुरकट, कच्च्या बेसनाच्या चवीचं. पीठ घट्ट केलं तर ओघळत नाही, पण मग जाड कवच येतं. खाली कागद घातला तर खालची बाजू ओलसर राहते.

या वड्यावर खरा तोडगा आप्पेपात्राचा. खळगाच पिठाला धरून ठेवतो, म्हणून ओघळण्याचा प्रश्न मिटतो. प्रत्येक खळग्यात पाव छोटा चमचा तेल, तापलं की त्यात चमचाभर पीठ, त्यावर सारणाचा लहान गोळा, वरून पुन्हा पीठ. मंद-मध्यम आचेवर झाकण ठेवून एक बाजू, मग उलटून झाकण न ठेवता दुसरी. बारा वड्यांना मिळून एक मोठा चमचा तेल लागतं, म्हणजे साधारण 120 कॅलरी. कढईतल्या वड्याचा तो बाहेरचा खडबडीत कुरकुरीतपणा येत नाही, पण आतली वाफाळती भाजी आणि खमंग बेसन दोन्ही मिळतात. पावात लसणाच्या चटणीबरोबर तर निम्मा फरक तिथेच विरून जातो.

साबुदाणा वडाही आप्पेपात्रातच करावा. कढईत तो फुटून तेल उडण्याची भीती असते, एअर फ्रायरमध्ये वरचे दाणे सुकून दाताला टणक लागतात. खळग्यात तेल दाण्यांना लागून राहतं आणि हवा तसा पापुद्रा येतो. (साबुदाणा मात्र भारतीय दुकानातूनच आणा. बबल टीचे मोठे मोती भिजवत बसलात तर उपास तसाच सुटेल.)

आप्पेपात्र मागवण्याआधी एकदा आपल्या शेगडीकडे बघा. इंडक्शन असेल तर साधं ॲल्युमिनियमचं नॉनस्टिक पात्र तापणारच नाही, लोहचुंबक तळाला चिकटतो असंच हवं. सपाट काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर खळग्यांच्या बुडाचं पात्र फक्त टेकतं, सगळीकडून तापत नाही, काही वडे करपतात आणि काही पांढरे राहतात. सपाट बुडाचं घ्या. बिडाचं असेल तर काचेवर सरकवू नका, चरे पडतात. आणि विजेवर चालणारं आप्पे मेकर भारतातून अमेरिकेत नेण्याच्या फंदात पडू नका: तिकडे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230.

एअर फ्रायर की ओव्हन, हा वाद त्या मानाने लहान आहे. फिलिप्सने 2010 मध्ये एअर फ्रायर आणला तेव्हापासून त्याच्याभोवती वलय आहे, पण आत असतो तो हीटर आणि पंखाच. पंख्याचा ओव्हन घरात असेल तर तेच काम होतं, फक्त तो तापायला वेळ आणि वीज जास्त घेतो. एकट्या-दुकट्यासाठी सहा वड्या करायच्या तर एअर फ्रायर सोयीचा. चौघांचं घर आणि पाहुण्यांची वर्दळ असेल तर त्या टोपलीत तीन-तीन घाणे काढण्यापेक्षा ओव्हनचा एक ट्रे बरा.

करंजी ओव्हनमध्ये छान होते, कारण पारीत मोहन असतंच. समोशालाही हाच न्याय, पण तयार पफ पेस्ट्री वापरून 'बेक्ड म्हणजे हेल्दी' म्हणू नका, त्या थरांमध्येच भरपूर लोणी किंवा वनस्पती तूप असतं. चकलीच्या वाटेला मी जात नाही. खुसखुशीत व्हायला मोहन वाढवावं लागतं, मग वाचवलं काय?

भाजताना रंगाकडेही लक्ष हवं. पिठूळ पदार्थ 120 अंशांच्या वर तापले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं, कर्करोगाचा धोका वाढवू शकेल असं मानलं जाणारं रसायन तयार होतं. हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पुढे आणलं. तळण, ओव्हन, एअर फ्रायर, कुणाचीच त्यातून सुटका नाही, आणि पदार्थ जितका गडद तितकं ते जास्त. सोनेरी झालं की काढा. तेल वाचवून करपवलेल्या वडीत आरोग्याचं काही नाही.

राहिली कांदा भजी. ती कशातही करून पाहा, बेसनाचं थालीपीठ होतं. चांगलं लागतं, पण भजी नाही. म्हणून भजी महिन्यातून एकदा तळावीत, पण नीट तळावीत. लहान खोल भांडं घेतलं तर कमी तेल पुरतं. तेल 170 ते 180 अंशांवर ठेवा, साधा किचन थर्मामीटर पुरे, कारण थंड तेलात पदार्थ तेल पितो. त्याहून महत्त्वाचं पुढे घडतं: बरंचसं तेल पदार्थ बाहेर काढल्यावर आत शिरतं, कारण गार होताना आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते. म्हणून झाऱ्यावर झटकून लगेच, गरम असतानाच, कागदावर टिपा.

जॅकेटं आधी बेडरूममध्ये नेऊन दार लावा, चिमणी पूर्ण वेगावर ठेवा, खिडकी उघडा. तेल पूर्ण गार झालं की गाळून झाकणाच्या बाटलीत भरा. सिंकमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो आणि भाड्याच्या घरात प्लंबरचं बिल तुमच्याच माथी येऊ शकतं. कित्येक शहरांत वापरलेलं खाद्यतेल संकलन केंद्रावर घेतात, तुमच्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता मिळेल.