‘वन बाय’ करून घेताना माझी झालेली फसवणूक : जड गिअर आणि स्टिकर लावलेला डिओर

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे सायकल मारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आणि ज्यांना एखादा दुकानदार ‘पुढच्या तीन चकत्या काढा, एकच टाका’ असं, म्हणजे ‘वन बाय’ करून घ्यायला पटवतो आहे, त्यांनी पैसे देण्याआधी वाचावं. पुण्यातल्या एका झगमगीत सायकल दुकानाने माझ्याकडून १९,५०० रुपये घेतले आणि होता त्याहून जड गिअर माझ्या सायकलला बसवून दिला. बिलात लिहिलेले, शिमानो कंपनीच्या ‘डिओर’ मालिकेतले पार्ट तर सायकलवर नव्हतेच. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून दुकानाचं नाव इथे देत नाही. पण हा प्रकार एका दुकानापुरता असेल असं मला वाटत नाही, म्हणून झालं ते सगळं तपशिलात लिहिते.

माझी सायकल साधी हार्डटेल (शॉकअप फक्त पुढे), २७.५ इंची चाकांची. पुढे ४२-३२-२२ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ११ ते ३२ दात्यांच्या आठ चकत्यांचा जुडगा, म्हणजे ११-३२ कॅसेट. वर्षानुवर्षं काही तक्रार नव्हती. मग गुडघा कुरकुरायला लागला. फिजिओथेरपिस्टने सायकल बंद करायला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की चढावर पाय भराभर फिरू द्या, जोर लावून रेटू नका. यवतेश्वरच्या तीव्र वळणांवर आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर माझा सगळ्यात हलका गिअरही किंचित कमी पडत होता. म्हणून दुकानात जाऊन मी एकच गोष्ट मागितली : आहे त्याहून हलका गिअर. गुडघ्याचं कारणही सांगितलं.

काउंटरवरचा मुलगा आदबीने बोलला. “मॅडम, ट्रिपल आता कोणी वापरत नाही. डिओरचं वन बाय किट टाकू. तुमचं मागे ३२ आहे, आपण ४२ देतोय. सरळ दहा दात्यांचा फरक! घाट लोण्यासारखा चढाल.” मालकांनी मान डोलावली. चेनही ‘खलास’ असल्याचं सांगितलं, झीज मोजायचं गेज न लावताच.

त्याने सांगितलेल्या दात्यांच्या आकड्यात खोटं काहीच नव्हतं, आणि फसवणूक नेमकी तिथेच होती. मागची चकती मोठी झाली की गिअर हलका होतो हे खरं. पण माझी पुढची सगळ्यात लहान चकती २२ दात्यांची होती आणि ते ३६ दात्यांची बसवणार होते, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

हिशेब शाळकरी मुलालाही येईल असा आहे. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते. उत्तर जितकं लहान, तितका गिअर हलका. माझा जुना सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. नवा ३६ भागिले ४२, म्हणजे ०.८६. माझ्या टायरचा घेर साधारण २.१७ मीटर आहे. म्हणजे पूर्वी पायडल एकदा फिरवलं की सायकल सुमारे १.४९ मीटर पुढे जायची, आता १.८६ मीटर. पाव पट जड. घाटात ताशी ६ किलोमीटरचा वेग धरला, तर आधी मिनिटाला ६७ वेळा पाय फिरायचे, आता ५४ वेळा. पाय हळू फिरतात आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जास्त भार येतो. फिजिओथेरपिस्टने जे टाळायला सांगितलं होतं, तेच मी पैसे मोजून विकत घेतलं होतं.

वरच्या टोकालाही नुकसानच. पूर्वी ४२ ला ११, म्हणजे ३.८२ मिळायचं, आता ३६ ला ११, म्हणजे ३.२७. हलका गिअर गेला, वेगाचाही गेला.

वन बाय ही पद्धत वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि त्याचा शिफ्टर (हँडलवरचा खटका) जातो, खडकाळ वाटेवर एकाच हाताने गिअर बदलता येतो, चिखलात अडकायला एक जागा कमी होते. पण त्यातून हलका गिअर हवा असेल, तर पुढची चकती मागच्या कॅसेटच्या हिशेबाने निवडावी लागते. माझ्यासारखं २२-३२ वापरणाऱ्यांसाठी सांगते. मागे ४२ असेल तर पुढे २८ किंवा त्याहून लहान चकती हवी. मागे ४६ असेल तर ३० चालते. मागे ५१ असेल तर अगदी ३४ लावूनही गिअर जुन्यापेक्षा हलकाच राहतो, आणि ३२ लावली तर ०.६३ पर्यंत उतरतो. शिमानोच्या डिओर एम५१०० मालिकेतली ११ स्पीडची, म्हणजे ११ चकत्यांची, ११-५१ कॅसेट जुन्या पद्धतीच्या एचजी हबवर (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) बसते. १२ स्पीडच्या डिओर एम६१०० ची १०-५१ कॅसेट मात्र मायक्रो स्प्लाइन या वेगळ्या खाचांच्या हबवरच बसते, म्हणजे हब किंवा अख्खं चाक बदलणं आलं. दुकानात ‘१२ स्पीडच घ्या’ असा आग्रह झाला, तर चाकाचा खर्च धरला आहे का ते आधी विचारा. आणि सायकल अगदी स्वस्तातली, सात गिअरची असेल, तर मागे बहुधा कॅसेट नसतेच, आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. त्यावर यातलं काहीच बसत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढची गोष्ट कळल्यावर. माझं काम एका कॅसेटमध्ये झालं असतं! आठ स्पीडमध्येच ११-३४ कॅसेट मिळते. २२ भागिले ३४ म्हणजे ०.६५. मला हवा होता तसा, जुन्यापेक्षा हलका गिअर. माझा जुना डिरेलर (शिमानोचाच ‘एसेरा’) मागे ३४ दात्यांपर्यंत घेतो. त्याची एकूण कपॅसिटी, म्हणजे चेनची ढिलाई तो किती दात्यांच्या फरकापर्यंत ओढून धरतो ती मर्यादा, ४३. ही कपॅसिटी तपासायची रीत अशी : पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. माझ्याकडे ४२ वजा २२, म्हणजे २०. मागे ३४ वजा ११, म्हणजे २३. बेरीज बरोबर ४३. एक कॅसेट, एक चेन आणि थोडी मजुरी, एवढ्यावर भागलं असतं. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. एवढ्या मोठ्या दुकानात रोज हेच काम चालतं.

सायकल ताब्यात घेताना दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारली. सपाटीवर सगळंच छान वाटतं. साताऱ्याला आल्यावर घाटाला लागले आणि पहिल्या मोठ्या वळणाआधीच मांडीत गोळे आले. उतरताना खड्ड्यात चेन निघाली, पुढे पुन्हा निघाली. उतारावर चेन निघून चाकात अडकली तर माणूस दरीकडेच फेकला जाईल. दुकानात फोन केला. उत्तर आलं, “नवीन सिस्टिम आहे मॅडम, सवय होईल.” दुसऱ्यांदा केला तर “तुमची पॉवर वाढवा” असा सल्ला मिळाला. गुडघ्याचं कारण सांगून काम करून घेतलेल्या बाईला हे सांगितलं गेलं.

शेवटी गावातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी पुढच्या चकतीच्या एका दात्यावर खडूची खूण केली आणि मला मोजायला लावलं. छत्तीस. मग मागे नजर टाकून म्हणाले, “ताई, हे अकराचं नाही, नऊचं आहे.” बिलावर ‘डिओर १×११ किट (कम्प्लीट)’ असं छापलेलं होतं, म्हणजे पुढे एक चकती, मागे अकरा. कॅसेटवर ना कंपनीचं नाव, ना कोड. चांगल्या कंपनीच्या कॅसेटवर दात्यांची संख्या आणि मॉडेलचा कोड कोरलेला असतो. शिमानोचा असेल तर ‘सीएस’ या अक्षरांनी सुरू होतो.

मागच्या डिरेलरवर ‘डिओर’ लिहिलेलं होतं. मिस्त्रींनी त्यावर नख फिरवलं तर कडा सुटली. तो स्टिकर होता. खाली ‘अल्टस’ ही अक्षरं पुसल्याच्या खुणा होत्या. डिरेलरच्या मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, कोड कोरलेला होता : आरडी-एम२०००. हा शिमानोच्याच, पण डिओरहून स्वस्त अशा अल्टस मालिकेचा ९ स्पीडचा डिरेलर. अल्टस टाकाऊ आहे असं नाही, आपल्या जागी तो नीट काम करतो. पण तो मागे जास्तीत जास्त ३६ दात्यांसाठी बनवलेला आहे. त्याला ४२ वर चढवण्यासाठी दुकानाने हँगर (डिरेलर जिथे लटकतो तो फ्रेमचा भाग) आणि डिरेलर यांच्यामध्ये एक धातूची जोडपट्टी अडकवली होती आणि बी-स्क्रू (पुली आणि चकतीतलं अंतर ठरवणारा स्क्रू) शेवटपर्यंत आवळला होता. तरीही वरची पुली मोठ्या चकतीला घासतच होती. ती घरघर मी नवेपणाची समजत होते.

चेन का निघते तेही मिस्त्रींनीच दाखवलं. वन बायच्या चांगल्या चकतीचे दाते आळीपाळीने जाड आणि बारीक असतात, त्यामुळे चेन त्यात घट्ट बसते. शिवाय डिओर एम५१०० च्या डिरेलरमध्ये क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) असतो आणि तो चालू-बंद करायची छोटी दांडी बाहेर दिसते. माझ्या चकतीचे सगळे दाते एकसारखे होते आणि डिरेलरला दांडी नव्हती. पुढचा डिरेलर काढून टाकलेला, म्हणजे चेन धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं.

दुकानदाराला फोटो पाठवले. तो म्हणाला, “डिओर नऊ स्पीडमध्येही येते.” हेसुद्धा अर्धसत्य. डिओरची एम५९० ही ९ स्पीडची मालिका एके काळी होती. पण माझ्या डिरेलरवर एम२००० कोरलेलं आहे आणि बिलावर ११ लिहिलेलं आहे. मग त्याने मोठेपणाने तोडगा सुचवला : ३६ काढून ३२ फुकट लावून देतो. ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६. म्हणजे तरीही जुन्यापेक्षा जडच. आणि जो क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढची चकती धरणारा भाग) त्यांनी बसवला होता, त्यावर चकती बसवायच्या बोल्टचं वर्तुळ १०४ मिलिमीटर व्यासाचं. त्यावर ३० पेक्षा लहान चकती बसतच नाही. मला लागणारी २८ त्या क्रँकवर कधीच आली नसती.

जुने पार्ट मागितले तर “भंगारात गेले”. चालू स्थितीतला क्रँक, दोन्ही डिरेलर, शिफ्टर, कॅसेट, सगळंच भंगारात. त्यामुळे माझी सायकल पूर्ववत करायचा रस्ताही बंद झाला, आणि चेन खरंच झिजली होती का हेही आता मोजता येत नाही. चेन घरी तपासता येते. बारा इंची स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेचा मध्य शून्यावर धरा. चेन धड असेल तर पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे सरकली असेल तर चेन बदलायला झाली. कोणतंही काम सुरू व्हायच्या आधी ‘निघालेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून मला परत द्या’ असं लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी.

लेखीवरून आठवलं. ‘किट’ या शब्दावर बिल घेऊ नका. डिरेलर, शिफ्टर, कॅसेट, चेन, क्रँक यांची वेगवेगळी ओळ, प्रत्येकासमोर कोड आणि दात्यांची संख्या, आणि पार्ट त्याच्या खोक्यातून आपल्यासमोर निघायला हवा. बिलावर निदान ‘१×११’ हा आकडा छापलेला होता, म्हणून माझ्या हातात काहीतरी पुरावा राहिला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर दुकानाचा सूर बदलला. मालकांनी स्वतः फोन केला आणि अर्धी रक्कम दुकानातल्या खरेदीसाठी वळती करून देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे माझ्यासारखीला साताऱ्यातच. तारखांसाठी पुण्याला खेटे नाहीत. दुकानाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. मी बिल, फोनवरचे मेसेज, स्टिकर उचकटतानाचा व्हिडिओ आणि मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडून तक्रार दिली आहे.

तोवर मिस्त्रींनी कुठून तरी ४२-३२-२२ चा वापरलेला क्रँक आणि एसेराचे जुने डिरेलर-शिफ्टर मिळवले आणि त्यांच्याबरोबर ११-३४ कॅसेट बसवून दिली. या सगळ्याचं मिळून त्यांनी घेतलं ते दुकानाच्या बिलाच्या पाव हिश्शाहूनही कमी. यवतेश्वर आता बसून चढता येतो, गुडघा गप्प आहे.

तुमच्यापैकी कोणी अलीकडे असंच ‘कम्प्लीट किट’ बसवून घेतलं असेल, तर सायकल उलटी करून मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूचा कोड वाचा, पुढचे-मागचे दाते मोजा आणि बिलाशी ताडून बघा. जुळत नसेल तर दुकानात नेण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. माझा स्टिकर मी जागीच ठेवला आहे, अर्धा सुटलेला. आयोगाने मागितला तर तो डिरेलरसकट हजर करायचा आहे.