उत्तर समुद्राचे तेल : नॉर्वे आणि ब्रिटन
उत्तर समुद्रातील तेल नॉर्वे आणि ब्रिटन यांच्या हाती जवळपास एकाच वेळी लागले. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्राचा शोध 1969चा, तर ब्रिटनच्या फोर्टीजचा 1970चा. नॉर्वेने 1972 मध्ये स्टॅटऑइल ही सरकारी कंपनी उभारली आणि आज इक्विनॉर या नावाने चालणाऱ्या या कंपनीतील सुमारे दोन तृतीयांश हिस्सा अजूनही सरकारने स्वतःकडेच ठेवला आहे. तेलाचे सरकारी उत्पन्न साठवण्यासाठी 1990च्या कायद्याने स्थापन झालेल्या तेलनिधीत पहिला भरणा 1996 मध्ये झाला. ही रक्कम फक्त परदेशांत गुंतवली जाते, आणि सरकारने त्यातून अपेक्षित परताव्याइतकेच, म्हणजे 2001 पासून निधीच्या 4 व 2017 पासून 3 टक्के, दरवर्षी सरासरीने खर्चावे असा दंडक आहे. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर घर चालवण्याचाच हा प्रकार म्हणायचा.

ब्रिटनने मात्र 1982 मध्ये आपल्या सरकारी तेल कंपनीचे खासगीकरण सुरू केले आणि तेलावरील कर सर्वसाधारण अर्थसंकल्पातच खर्ची पडला. अर्थात ब्रिटनची लोकसंख्या नॉर्वेच्या दहापटीहून अधिक असल्याने दरडोई तेवढी पुंजी तिथे साठणे शक्यच नव्हते. नॉर्वेचे दुसरे बळ सॅमनच्या मत्स्यशेतीत आहे, तर ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचा बराच भार लंडनच्या वित्तसेवांवर आहे.