छतावरचा ३ किलोवॉटचा सौर संच: कोल्हापूरचा उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर बसवलेल्या आमच्या ३ किलोवॉटच्या ऑन-ग्रिड (म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या जाळ्याला, ग्रिडला, जोडलेल्या) सौर संचाने आता हिवाळा, उन्हाळा आणि कोल्हापूरचा संपूर्ण पावसाळा पाहिला आहे. ज्यांच्या छतावर दुपारभर सावली पडत नाही, त्यांनी हा संच जरूर बसवावा, असे माझे मत आहे. मात्र विक्रेत्यांच्या ‘बिल शून्य’ या दोन शब्दांवर विसंबून निर्णय घेण्याआधी संच कोणत्या वेळी काम करतो आणि कोणत्या वेळी करत नाही, हे नीट समजून घ्यावे.

एकूण खर्च १,९०,००० रुपयांच्या आसपास आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले. घरगुती संचाला मिळणारे हे कमाल अनुदान असून ३ किलोवॉटच्या पुढे ते वाढत नाही. त्यासाठी पॅनेल भारतात तयार झालेल्या सेलचेच असावे लागते. जागा सुमारे ३०० चौरस फूट गेली; स्ट्रक्चर उंच करून घेतल्यामुळे खाली मिरच्या आणि सांडगे वाळवायला गच्ची शिल्लक राहिली. उंचीचा जास्तीचा खर्च मला योग्य वाटतो, कारण गच्ची कायमची गमावणे कोणत्याच घराला परवडत नाही.

निर्मितीचे गणित मात्र विक्रेते सांगतात तितके सरळ नाही. १ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट, हा आकडा वर्षभराचा म्हणून ठीक आहे. परंतु कोल्हापुरात ऋतूंमधला फरक फार मोठा आहे. सर्वाधिक वीज मे महिन्यात मिळेल, अशी बहुतेकांची समजूत असते. आमच्याकडे ती फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाली, अगदी १४ युनिटपर्यंत. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. एप्रिलच्या दुपारी काचेचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, म्हणजे ऊन भरपूर असूनही दहा-बारा टक्के वीज उष्णतेतच जाते. त्यात दुपारनंतर वळिवाचे ढग येतात. जुलैमध्ये संततधार लागली की दिवसाला ३ युनिटांवर समाधान मानावे लागते. उन्हाळ्यात नेट मीटरवर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर) जमा झालेली युनिटे त्या महिन्यांत वळती होतात, म्हणून बिल आवाक्यात राहते. स्थिर आकार मात्र दरमहा भरावाच लागतो. शिल्लक युनिटांचा हिशेब मार्चअखेर होत असल्यामुळे, पावसाळ्यासाठीची शिल्लक त्यानंतरच्या उन्हाळ्यातच साठते.

धुण्याबाबत कोल्हापूर परिसरातील लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गळीत हंगामात हवेतून येणारी उसाच्या चिपाडांची राख पॅनेलवर बसते, आणि थंडीतल्या दवामुळे ती काचेला चिकटते. नुसत्या धुळीसाठी पंधरवड्याने पाणी मारणे पुरते. या काजळीसाठी दर आठवड्याला मऊ फडक्याने पुसावे लागते, आणि तेही सकाळी, काच तापण्याआधी.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. नेट मीटर पैशांचा हिशेब जुळवतो, धुराचा जुळवत नाही. दुपारी आपण दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट बिलात एकमेकांना छेदतात. पण रात्रीचे युनिट त्या क्षणी कुठेतरी तयार व्हावेच लागते. कोयनेची १,९६० मेगावॉट क्षमता हाताशी असली, तरी तिथले पाणी मर्यादित असल्यामुळे ती मुख्यतः कमाल मागणीच्या तासांसाठी राखली जाते आणि बाकीचा भार प्रामुख्याने चंद्रपूर, कोराडीसारखी कोळशावरची औष्णिक केंद्रे उचलतात. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सूर्य काही तासच काम करतो. म्हणून आम्ही पाण्याची मोटर, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री आणि मिक्सरची बरीचशी कामे सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत आणली. बिलात याने फारसा फरक पडत नाही, परंतु दुपारची वीज दुपारीच वापरली गेली की संध्याकाळी तेवढा कोळसा कमी जाळावा लागतो. आमच्या संचातून वर्षाला चार हजारांहून अधिक युनिट मिळतील, असा अंदाज आहे. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे धरले तर वर्षाकाठी जवळपास तीन टन वाचतात.

या शहरात हा विचार दूरचा वाटत नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवते आणि ते बाष्प थोड्या वेळात कोसळू शकते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या घरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी लहान मुलांनाही पाठ असते.

पुराच्याच संदर्भात या संचाची मोठी मर्यादा सांगायला हवी. ग्रिडचा पुरवठा गेला की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) आपोआप बंद होतो, कारण आपली वीज बाहेरच्या तारांत जाऊन तिथे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो. ही सुरक्षितता आवश्यकच आहे, पण तिचा परिणाम असा, की पाणी वाढल्यावर खबरदारी म्हणून भागाचा पुरवठा तोडला तर छतावर ऊन असूनही घरात अंधार राहतो. संच विकणाऱ्याने हे आम्हाला सांगितले नव्हते. नदीकाठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी म्हणून सुरुवातीलाच हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडून ग्रिड गेल्यावरही घराला वीज देऊ शकणारा, इन्व्हर्टर घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. बॅटरी नंतर जोडता येते, इन्व्हर्टर बदलणे मात्र महागात पडते. बॅटरीही पूर्ण घरासाठी नको. दिवे, पंखे, मोबाईल आणि एखाद्या आजारी माणसाचे यंत्र चालेल एवढी पुरे. इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर, सावलीत आणि हवा खेळती राहील अशा जागी बसवून घ्यावीत.