आजीचं माणिक: तयार अंगठीत बसवावं की सोनाराकडून अंगठी घडवावी?

भाचीच्या लग्नात तिला आजीच्या तन्मणीच्या खोडातलं, म्हणजे त्या हाराच्या लोलकातलं, एक माणिक मिळालं. अंगठी करायची एवढं ठरलं, पण पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या मोठ्या दुकानातून तयार अंगठी घेऊन त्यात खडा बसवायचा की रविवार पेठेतल्या सोनाराला सांगायचं, यावर घरात दोन तट पडले. मी दोन्हीकडे फिरले. तुमच्याकडेही असा घरचा खडा असेल, तर हे वाचा.

तयार अंगठ्या बहुतेक ओतीव असतात. मेणाचा नमुना, त्यावर साचा, साच्यात वितळलेलं सोनं. खड्याची जागा ७ × ५ मिलिमीटर अशा ठरलेल्या मापाची असते. नवे खडे त्या मापात चपखल बसतात. आजीचं माणिक हाताने पैलू पाडलेलं, एका बाजूला जरा फुगीर. एका दुकानात सहज म्हणाले, "थोडं घासून बसवू." मी माणिक उचललं आणि बाहेर पडले. घासलेला खडा परत मिळत नाही.

सोनाराने आधी माणिक चिमट्यात धरून भिंगाखाली फिरवलं, कडेला एक जुना टवका दाखवला आणि म्हणाला, "ही बाजू सोन्याखाली घेऊ." मग कागदाची बारीक पट्टी खड्याभोवती गुंडाळली, खूण केली आणि त्या लांबीचा पत्रा कापून कडं वळवलं. म्हणजे फुगीर बाजूला कडंही फुगीर. आत खडा टेकायला बारीक पायरी. झाळकाम, म्हणजे आचेवर सोनं जोडणं, सगळं आधी, खडा शेवटी, कारण आचेने खड्याला तडा जाऊ शकतो. मग कड्याची कड चहूबाजूंनी थोडी थोडी खड्यावर दाबत आणली. एका बाजूने दाबत नेली तर खडा कलतो. तयार मालात जागा आधी ठरते आणि खडा नंतर येतो. इथे खडा आधी होता, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथेच आहे.

रोज घालायची असेल तर खडा वरून धरणाऱ्या नख्यांपेक्षा असं बंद कोंदण बरं. माझ्या एका तयार अंगठीची नखी स्वेटरला अडकून उचलली गेली आणि खडा कुठे पडला ते कळलंच नाही. नख्यांचंच डिझाइन हवं असेल तर १८ कॅरेट (७५०) घ्या. २२ कॅरेट (९१६) मऊ, नख्या लवकर वाकतात. माणिक कठीण म्हणून बरंचसं सोसतं. पाचू किंवा मोती असेल तर रोज घालूच नका.

पैशांत मात्र डोळे उघडे ठेवा, दोन्हीकडे. खड्याचं कॅरेट वजनाचं, सोन्याच्या कॅरेटहून वेगळं: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. तीन कॅरेटचा खडा धरला तर एकूण वजनात ०.६ ग्रॅम खड्याचे, आणि ते सोन्याच्या भावाने लागता कामा नयेत. निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून मागा. घडणावळ टक्क्यांत आहे की ग्रॅममागे, घट (घडवताना वाया जाणारं सोनं) वेगळी लावली का, मोडीचं सोनं कोणत्या कसाने धरलं, हेही विचारा. हाताच्या कामाची मजुरी जास्त पडते, ती मला रास्त वाटते.

हॉलमार्कच्या बाबतीत मोठं दुकान सोयीचं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. लहान सोनाराकडे हॉलमार्क करून मिळेल का, हे सोनं देण्याआधी विचारा. नंतर विचारणं अवघड जातं. वेळेचंही तसंच. तयार अंगठी त्याच दिवशी हातात, घडवायला आम्हाला तीन आठवडे लागले. लग्नसराईत आणखी लागतील.

खडा नवा घ्यायचा असेल, मापात असेल, घाई असेल, तर तयार अंगठी खुशाल घ्या. मोठी दुकानंही ऑर्डर घेतात, पण प्रत्यक्ष घडवणाऱ्याशी बोलायला मिळेलच असं नाही. घरचा, वेडावाकडा, जपायचा खडा असेल तर सोनारच.

माणिक देताना आम्ही ते त्याच्याच काट्यावर तोललं, वरून-खालून फोटो काढले आणि वजन व टवका दोन्ही पावतीवर लिहून घेतलं. त्याने स्वतःहूनच पेन पुढे केलं, तेव्हा भाचीने खडा त्याच्या हातात दिला.