काळीवर पांढरी: दोन झिलयांचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी मातीच्या भांड्यांवर भट्टीत काचेसारखा थर देणाऱ्या दोन झिलया (ग्लेझ) भुकटीच्या स्वरूपात मागवल्या होत्या: लोहाचे प्रमाण भरपूर असलेली काळी टेनमोकू आणि रुटाइल (टायटॅनियमचे खनिज) घातलेली पांढरी. दोन्ही कोन ६ च्या, म्हणजे साधारण १२२२ अंश सेल्सियसला पिकणाऱ्या. एकेकट्या वापरल्या तर त्या बेताच्याच आहेत. टेनमोकू बुटाच्या पॉलिशसारखी दिसते आणि पांढरी पातळ ताकासारखी. काळीवर पांढरीचा थर चढवला, की मात्र वाटीच्या काठाला मधासारखा तपकिरी रंग येतो, त्याखाली निळसर धारा उतरतात आणि जिथे झिलई साचते तिथे दुधाळ निळाई जमते. या निळाईत निळा रंग देणाऱ्या कोबाल्टचा कणही नाही. रुटाइलमधल्या टायटॅनियममुळे वितळलेल्या काचेत सूक्ष्म थेंब विलग होतात व त्यांवर प्रकाश विखुरतो, आणि खालच्या काळ्या थरामुळे तो निळा रंग उठून दिसतो.

पहिल्याच भट्टीत एक उंच मग शेल्फला असा चिकटला, की छिन्नी लावावी लागली. दोन झिलया एकमेकींत मिसळल्या, की अनेकदा त्या सुट्या असतानापेक्षा कमी तापमानाला वितळतात आणि ओघळतात, याबद्दल पाकिटावर अवाक्षर नव्हते. ‘दोन ते तीन थर द्यावेत’ एवढेच छापले होते. आता मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्यात कालवलेली १०० मिली झिलई तोलते, ती १४५ ग्रॅम भरेपर्यंत पाणी कमीजास्त करते, काळीत तीन सेकंद बुडवते आणि पांढरीत फक्त वरचा एक तृतीयांश भाग, तोही दोनच सेकंद. तळाकडचा बोटभर भाग कोरा ठेवते आणि शेल्फला केओलिन (चिनी माती) व अॅल्युमिना (भट्टीत न वितळणारी पूड) यांचा समभाग लेप देते. त्यानंतर एकही भांडे चिकटलेले नाही.

पावसाळ्याने वेगळाच त्रास दिला. कच्ची भाजलेली भांडी हवेतली ओल धरतात, त्यामुळे पहिला थर नीट बसत नाही, दुसऱ्याच्या ओलाव्याने त्याचे पापुद्रे सुटतात आणि भट्टीत झिलई गोळा होऊन माती उघडी पडते. जुलैत सहा वाट्या अशाच गेल्या. भांडी आदल्या रात्री भट्टीत १०० अंशांवर सुकवल्याने हे जवळजवळ थांबले.

तक्रार एकच, आणि ती गंभीर आहे: पांढरीच्या दुसऱ्या पाकिटात निळाई निम्म्याने कमी आली. रुटाइल हे खनिज असल्याने त्यात थोडा फरक पडणारच, पण विक्रेत्याने गटक्रमांक तरी छापायला हवा होता. वीस कपांची मागणी पूर्ण करताना तेरावा कप वेगळा निघाला, तर गिऱ्हाइकाला खनिजशास्त्र कोण समजावणार?

खाण्याच्या भांड्यांना आतून मी फक्त टेनमोकूच लावते. लिंबाची फोड रात्रभर ठेवूनही तिचा रंग उतरलेला नाही. पुढच्या खेपेला काळी पाच किलो मागवीन, पांढरी एकच किलो, आणि पाकीट फोडल्यावर आधी चाचणीची टाइल भाजीन.