दिवस गेलेत आणि मिश्री सुटत नाही: एकदम बंद करावी, हळूहळू कमी करावी की च्युइंगम घ्यावं?

गरोदरपणाच्या नोंदणीला आलेल्या प्रत्येक बाईला आम्ही विचारायचो, "काही व्यसन आहे का?" उत्तर ठरलेलं असायचं, "नाही सिस्टर." शेजारी सासू बसलेली. कार्डावर 'नाही' लिहायचं आणि वजनकाट्याकडे वळायचं. एएनएम, म्हणजे सरकारी साहाय्यक परिचारिका म्हणून नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही हेच केलं. मग एकदा एकीच्या दातांच्या कडा काळ्या दिसल्या म्हणून विचारलं, "दात कशानं घासतेस गं?" ती म्हणाली, "मिश्रीनं." दिवसातून किती वेळा? "सकाळी, जेवण झाल्यावर, दुपारी भांडी आवरली की, आणि झोपताना." तिनं माझ्याशी खोटं बोललेलं नव्हतं. तिच्या लेखी ते व्यसन नव्हतंच, दात घासणं होतं. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला आणि सासूला बाहेर बसवायला लागले.

म्हणून हा लेख मुख्यतः मिश्रीबद्दल, म्हणजे भाजून बारीक केलेल्या तंबाखूबद्दल आहे. कोकणात आणि मुंबईत तिलाच मशेरी म्हणतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १.४ टक्के बायका बिडी-सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या, तर १६.६ टक्के बायका बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या. दवाखान्यातली भित्तिपत्रकं मात्र सिगारेटचीच. तुम्ही सिगारेट ओढत असाल तरी पुढचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे मी तसं सांगेन.

घाई कशाची आहे

तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजला की त्यातलं विष जळून जातं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. ते खरं नाही. निकोटिन उरतंच, आणि भाजताना कर्करोगाला कारण होणारी आणखी द्रव्यं तयार होतात. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, तिथून वारेतून बाळाकडे. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे बाळाची रसद आवळतं.

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची होती, आणि त्या बायकांत मिश्रीवाल्याच सगळ्यात जास्त होत्या. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण २,६०० ग्रॅम भरलं असतं ते बाळ त्यामुळे २,५०० च्या खाली येतं, म्हणजे 'कमी वजनाचं बाळ' होतं. दिवस पुरे होण्याआधीच बाळंत होणं, पोटातच बाळ दगावणं आणि आईचं रक्त कमी असणं हेही मुंबईतल्या या संशोधनात तंबाखूच्या बाजूला जास्त आढळलं.

आता चांगली बाजू, आणि ती मी प्रत्येकीला आधी सांगायचे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट पूर्ण सोडली, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या आणि खुरटलेल्या बाळांचं प्रमाण न ओढणाऱ्या बायकांइतकंच निघालं. अभ्यास सिगारेटचा आहे, मिश्रीचा नाही, हे लक्षात ठेवूनच मी तो वापरते. पण पाळी चुकल्याचं बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात कळतं. म्हणजे हातात साधारण दोन महिने असतात. खालची प्रत्येक पद्धत मी याच दोन महिन्यांच्या मापानं तोलली आहे. पंधरावा आठवडा उलटून गेला असला तरी थांबू नका, पुढच्या प्रत्येक महिन्याचा बाळाला उपयोग होतो.

एकदम बंद

या पद्धतीला सगळ्यात जास्त विरोध घरातून होतो. "इतक्या वर्षांची सवय, एकदम तोडलीस तर पोटातल्या बाळाला धक्का बसेल." ही भीती कुठून आली असावी याचा मी विचार केला आहे. भरपूर दारू पिणाऱ्या माणसानं ती एका दिवसात बंद केली तर झटके येऊ शकतात, ते लोकांनी पाहिलेलं असतं. तंबाखूचं तसं नाही. तंबाखू एकदम सोडल्यानं त्रास होतो तो आईला होतो: डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, रडू येतं. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, मग उतार, आणि दोन ते चार आठवड्यांत बरंचसं शांत. तलफ आली तरी ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात घोट-घोट पाणी प्यावं, ओट्यापासून उठून अंगणात जावं.

पहिल्या तिमाहीत या पद्धतीला एक मदत आपोआप मिळते. बऱ्याच जणींना तंबाखूच्या वासानंच उमासे येतात. तसं होत असेल तर तो दिवस वाया घालवू नका, डबी त्याच दिवशी घराबाहेर काढा. मळमळ थांबल्यावर तलफ परत येते, तेव्हा डबी हाताशी नसलेली बरी.

अडचण दुसरीकडेच येते, आणि ती कुठल्याही पत्रकात छापलेली मी पाहिलेली नाही. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हे लाजेनं कुणी बोलत नाही, पण पुन्हा डबी उघडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हेच. गरोदरपणात पोट तसंही जड राहतं, त्यात पुढे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की आणखी. म्हणून मिश्री सोडायच्या आधीच याची तयारी करावी: उठल्याबरोबर कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, जेवणात पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्यं, दिवसभर पुरेसं पाणी. तरीही आठवडाभर त्रास राहिला तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावं. दुसरं कारण दाढ. दाढ दुखते म्हणून मिश्री धरलेली असते, मिश्री सोडली की दाढ बोलायला लागते. दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात, फक्त दिवस गेलेत हे दंतवैद्याला आधी सांगायचं.

हळूहळू कमी

ऐकायला ही पद्धत शहाणपणाची वाटते. दिवसाला पाच वेळची चार, मग तीन. सिगारेटवाल्या तर मोजूनच सांगतात. पण इंग्लंडमध्ये ६९७ सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. एका गटानं ठरल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्यानं दोन आठवडे कमी करत आणून सोडली. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, कमी करत आलेल्यांपैकी ३९ टक्के. ही माणसं गरोदर नव्हती, तरी मला गावात दिसलं ते याच्याशी जुळतं.

मिश्रीच्या बाबतीत कमी करणं आणखी फसवं आहे, कारण चिमूट मोजता येत नाही. वेळा कमी होतात आणि तोंडात ठेवण्याचा वेळ वाढतो. पाच वेळा पाच-पाच मिनिटं लावणारी बाई दोनदा अर्धा-अर्धा तास लावते आणि तिला खरोखर वाटतं की आपण कमी केली. सिगारेटचंही तसंच, कमी झाल्या की झुरके लांब होतात.

तरीही ही पद्धत मी पूर्ण नाकारत नाही. रोज दहा-बारा वेळा लावणारी, पूर्वी दोनदा एकदम सोडून तिसऱ्या दिवशी हरलेली बाई असेल, तर तिला ही चालेल. अट एकच: बंद करण्याची तारीख आधी ठरवायची, दोन आठवड्यांच्या आतली, आणि ती आशाताईला सांगायची. कमी करत आणण्याला शेवटची तारीख नसेल तर बाळंतपण येतं तरी डबी असतेच.

निकोटिनचं च्युइंगम

औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं मिळतं. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, असं गरोदर बाईला मी ठामपणे सांगते. पण त्याच दमात हेही सांगते की ते मिश्रीपेक्षा कमी वाईट आहे. त्यात निकोटिन असतं, भाजलेल्या तंबाखूतली बाकीची घाण नसते, आणि सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नसतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, म्हणून सिगारेटवालीला च्युइंगमचा फायदा मिश्रीवालीपेक्षा जास्त.

उपयोग किती होतो? इंग्लंडमध्ये १,०५० गरोदर बायकांवर त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीची चाचणी झाली. औषधाची पट्टी लावणाऱ्या आणि नुसती खोटी पट्टी लावणाऱ्या गटांत बाळंतपणापर्यंत सिगारेट सोडून राहिलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. औषधाची पट्टी मिळालेल्या बहुतेकींनी ती महिनाभरही लावली नव्हती. एक कारण शरीरातच आहे. गरोदरपणात निकोटिनचा निचरा एरवीपेक्षा खूप वेगानं होतो, त्यामुळे नेहमीची मात्रा अपुरी पडते आणि तलफही लवकर लागते. "दिवस गेल्यापासून जास्तच लावावीशी वाटते," असं बायका म्हणतात ते काही मनाचे खेळ नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शनात गरोदरपणात निकोटिनचे पर्याय वापरावेत किंवा वापरू नयेत, असं काहीच ठामपणे सांगितलं नाही. बुप्रोपिऑन आणि व्हेरेनिक्लिन या तंबाखू सोडण्यासाठी देतात त्या गोळ्यांची मात्र शिफारस करत नाही, असं स्पष्ट म्हटलं. त्या गोळ्यांचा विषय इथेच संपवूया.

डॉक्टरांनी च्युइंगम दिलंच तर ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळू नका. हळूहळू चावायचं, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण ओसरली की पुन्हा थोडं चावायचं, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. रस गिळत राहिलात तर उचकी लागते, मळमळतं. आधीच उलट्या होत असतील तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

बदली म्हणून दुसरं काही

मिश्रीऐवजी तपकीर म्हणजे तंबाखूऐवजी तंबाखूच. सुपारीही नको. ती स्वतः कर्करोगकारक आहे आणि बाळाच्या वजनावर तिचाही परिणाम होतो. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्यानं बंदी आहे, पण आठवडी बाजारात सुटं मिळणारं काळं मंजन कशाचं आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, ते घेऊ नका. भाजलेली बडीशेप, धनाडाळ, ओवा चालेल. दिवसातून दोनदा टूथपेस्ट. ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचक मैत्रिणींना तिथे वेगळा सल्ला मिळू शकतो. तिथली सुईण पहिल्या भेटीतच फुंकर मारायला लावून कार्बन मोनॉक्साइड मोजते आणि मोफत मदतीसाठी नाव देते. ती मदत घ्या.

एकटीनं की सांगून

माझ्या मते खरा फरक इथे पडतो. एकदम की हळूहळू, हा त्यानंतरचा प्रश्न. एकटीनं, लपून, मोरीत उभं राहून सोडायचा प्रयत्न करणारी बाई घरातल्या पहिल्या भांडणाला हरते, कारण कुणाला माहीतच नसतं की ती काहीतरी अवघड करते आहे. सांगायला नवरा नको वाटत असेल तर आशाताईला सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे डॉक्टरांना एकटीला भेटायला मागा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा मोफत नंबर आहे. तिथले समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. फोन करताना गरोदर असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. नवऱ्याला सांगितलंत तर बिडी घराबाहेर ओढायलाही सांगा, त्याचा धूर तुमच्याच पोटी जातो.

मग निवड कशी करावी? दिवसाला पाच-सहा वेळापर्यंत लावत असाल आणि महिना दुसरा-तिसरा असेल, तर येत्या आठवड्यातला एक दिवस धरा आणि एकदम बंद करा. लग्नघर, पाहुणे, पेरणी यातलं काही त्या आठवड्यात नको. त्याहून जास्त लावत असाल, तर दोन आठवडे कमी करत आणा आणि ठरल्या तारखेला बंद करा. दोनदा प्रयत्न फसला, तर तिसऱ्यांदा तेच करू नका, डॉक्टरांकडे जाऊन च्युइंगमबद्दल विचारा. सिगारेटवाल्यांनी तर पहिला प्रयत्न फसल्यावरच जावं. मधे एखाद्या दिवशी लावलीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद, मोजणी पुन्हा एकपासून करायची गरज नाही.

आणि सातव्या महिन्यात ओटीभरण झाल्यावर माहेरी जाल, त्याआधी आईला फोन करा. बऱ्याच घरांत मिश्री भाजायला शिकवणारी आईच असते. सहा महिने सोडलेली मिश्री बाळंतपणात पुन्हा धरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आई शेजारी बसून लावत होती, वास आला, चिमूटभर मागितली. अंगावरच्या दुधातूनही निकोटिन बाळाला जातं. आईला सोडायला सांगणं जमत नसेल तर एवढंच सांगा: मी येईन तेव्हा तवा चुलीवर नको, आणि डबी मला दिसेल अशी ठेवू नकोस.